वड्याचं तेल लेकरावर : घरातल्या घरात मुलांचा छळ का होतो?

कामं आटोपून बसला असाल, नाहीतर रेडिओ ओट्यावर ठेवून भाकरी थापत असाल. आजचा विषय हलका नाही. पण मुलं जवळ असली तर त्यांना बाहेर पाठवू नका. त्यांच्यापासून लपवावं असं यात काही नाही, उलट त्यांच्या कानावर पडावं असंच बरंच आहे.

मागे आपण शाळेतल्या शिक्षेवर बोललो होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे, हे तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतर एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मास्तरांनी मारू नये हे पटलं. पण घरात आम्ही मारतो त्याचं काय? मारून झालं की मलाच रडू येतं. दुसऱ्या दिवशी परत हात उठतोच. असं का होतं, ते कुणी सांगत नाही."

हा प्रश्न आम्हाला टोचत राहिला. हा कार्यक्रम आम्ही चौघी मिळून तयार करतो. तयारीला बसलो तेव्हा आधी एकमेकींनाच विचारलं, तू पोराला शेवटचं कधी मारलंस? चौघीही गप्प. मग एकीनं सांगितलं. त्या दिवशी फायनान्सच्या हप्त्याची तारीख होती. तीनशे रुपये कमी पडत होते. मालक मजुरी न घेताच घरी आले होते. तेवढ्यात पोराच्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं. तिच्या हातात उलथनं होतं. पोराच्या दंडावर चार दिवस वळ राहिला. शाळेत बाईंनी विचारलं तर पोरगा म्हणाला, पडलो. आमची मैत्रीण सांगते, "मारलं त्याचं वाईट वाटतंच. पण माझ्यासाठी तो खोटं बोलला, ते जास्त लागतं."

मारणारी माणसं कुणी राक्षस नसतात. बहुतेक वेळा ती आपल्यासारखीच असतात. म्हणून हे का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. कारण कळलं तर हात अडवता येईल.

छळ म्हणजे नुसता मार नाही

छळ म्हटलं की आपल्याला चटका, पट्टा, काठी आठवते. पण त्याचे चार प्रकार आहेत. पहिला अंगावरचा मार. दुसरा शब्दांचा मार : "तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं", "तुझ्यापेक्षा त्या शेजारच्याचा पोरगा बरा". तिसरी हेळसांड. म्हणजे जेवण, औषध, शाळा, माया यांपैकी जे देणं आपल्याला शक्य आहे तेही न देणं. आणि चौथा लैंगिक छळ.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो केलेला आहे. त्यात आपला महाराष्ट्र होता, शेजारचा गोवाही होता. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ ८९ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे होते आणि मुलीही होत्या. छळ करणाऱ्यांतले निम्मे तर मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कधी कुणाला सांगितलीच नव्हती.

म्हणजे हे कुठल्या एका जातीचं, एका वस्तीचं, गरिबाचं किंवा अडाण्याचं दुखणं नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणतो, तसंच आहे हे. सिमेंटच्या घरात ते फक्त बाहेर ऐकू येत नाही.

पहिलं कारण : मार म्हणजे वळण, ही समजूत

आपण मार खाऊन मोठ्या झालो. मारल्याशिवाय पोर सुधारत नाही, हे आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं, गुरुजींनी तर करून दाखवलं. आपल्याकडे चांगली आई म्हणजे धाकात ठेवणारी आई. पोरानं चारचौघांत हट्ट केला आणि आपण मारलं नाही, तर लोक म्हणतात, "लाडावून ठेवलाय." कितीदा आपण पोरासाठी नाही, त्या बघणाऱ्या लोकांसाठी मारतो.

या समजुतीच्या मुळाशी आणखी एक समजूत आहे. पोर माझं आहे, मी त्याचं काहीही करीन. एका गटात आजी म्हणाल्या, "माझं लेकरू, मी मारीन नाहीतर पुजीन." आम्ही त्यांना विचारलं, "आजी, तुमचा नवरा असंच म्हणायचा का? माझी बायको आहे, मी मारीन नाहीतर ठेवीन?" आजी हसल्या, मग गप्प झाल्या. बायकोला मारणं हा घरचा मामला नाही, हे आपण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यापासून बोलतोय. तेच शहाणपण लेकराला लावायचं राहून गेलंय.

मारानं पोर गप्प होतं, हे खरं. पण गप्प होणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेल्या पोराचं अंग पळायच्या नाहीतर लपायच्या तयारीत असतं. छाती धडधडते, कान आईच्या पावलाकडे लागतात. अशा वेळी डोक्यात काही शिरत नाही. दूध का सांडू नये हे ते शिकत नाही. आई दिसली की लांब राहावं आणि पकडलं गेलं तर खोटं बोलावं, हे मात्र पक्कं शिकतं.

दुसरं कारण : ज्यानं जे खाल्लं, तेच तो वाढतो

ज्या बाईला लहानपणी फक्त मारच मिळाला, तिच्याजवळ पोराला समजवायचे दुसरे मार्ग कुठून येणार? भाकरी बघून बघून येते तसं मूल वाढवणंही बघून बघूनच येतं. दमल्या वेळी, चिडल्या वेळी आपल्या तोंडून आपल्या आईचेच शब्द बाहेर पडतात, याचा अनुभव प्रत्येकीला असेल.

पण यात एक गोष्ट लक्षात ठेवा. मार खाल्लेलं प्रत्येक मूल पुढे मारणारं होत नाही. कितीतरी जणी सांगतात, "मला जे झालं ते माझ्या लेकीला होऊ देणार नाही." आणि तसं करूनही दाखवतात. अशा बायकांशी बोललं की बहुतेक वेळा एक गोष्ट कळते. लहानपणी त्यांना निदान एक तरी माणूस मायेचं मिळालं होतं. कुणाला मावशी, कुणाला शाळेतल्या बाई, कुणाला शेजारची काकू. आज आपण कुणाच्या तरी लेकरासाठी ती शेजारची काकू होऊ शकतो.

तिसरं कारण : वड्याचं तेल वांग्यावर

राग सावकाराचा, मुकादमाचा, सासूचा, नवऱ्याचा, न पडलेल्या पावसाचा. पण त्यांच्यापुढे बोलता येत नाही. मग तो खाली उतरत येतो. मालक गड्यावर, गडी बायकोवर, बायको पोरावर. पोर सगळ्यांत शेवटी. त्याच्याखाली फक्त कुत्र्याचं पिल्लू असतं. घरात कुणाला लाथ बसते ते बघितलं, की घरात कुणाला किती किंमत आहे ते कळतं.

आपल्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. आधी उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचं ते रात्री परत. पोरं बरोबर नेली तर दिवसभर फडाच्या कडेला नाहीतर खोपीत एकटी. मोठी नऊ वर्षांची पोरगी धाकट्या दोघांना सांभाळते. गावी ठेवली तर थकलेल्या आजीजवळ, नाहीतर चुलत्याच्या दारात. यातली कुठलीच आई पोराचं वाईट चिंतत नाही. पण देखरेख नसलेलं लेकरू उपाशी राहतं, मार खातं, आणि ज्याची नजर वाईट त्याच्या तावडीतही सापडतं. गरिबी हात उगारत नाही. पण ती माणसाला थकवते, एकटं पाडते, आणि लेकराभोवतीचं कुंपण मोडते.

म्हणून हंगामी वसतिगृह गावात सुरू आहे का, त्यात जेवण नीट मिळतं का, रात्री तिथे कोण असतं, हे बघणं हेसुद्धा मुलांचा छळ थांबवण्याचंच काम आहे.

चौथं कारण : बाटली, आणि आईवर उठणारा हात

दारू प्यायलेल्या माणसाचा ताबा सुटतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण "दारूनं केलं, माणूस चांगला आहे" हे वाक्य जपून वापरू या. तोच माणूस दारू पिऊन सरपंचाला मारत नाही, मुकादमाला मारत नाही. घरी येऊनच मारतो. म्हणजे कुणाला मारलं तर चालतं, ते नशेतही त्याला कळतं. दारू आगीत तेल ओतते. आग आधीच असते.

ज्या घरात बाईला मार बसतो, त्या घरात लेकरूही सुरक्षित नसतं. ते मधे पडलं तर मार खातं. मधे नाही पडलं तरी गोधडीखाली जागं राहून सगळं ऐकतं. "तो पोरांना हात लावत नाही, फक्त मलाच मारतो" असं सांगणाऱ्या बायका भेटतात. ताई, आईला मारताना पाहणं हासुद्धा लेकराचा छळच आहे. तुम्ही स्वतःसाठी मदत मागितली, तर ती तुमच्या लेकरांसाठीही असते. गावात आडव्या बाटलीसाठी मतदान घेणाऱ्या बायकांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती.

पाचवं कारण : पोराच्या वयाची समज नसणं

बरीच मारहाण यातून होते. आपल्याला वाटतं पोर मुद्दाम करतंय. खरं तर ते त्याच्या वयाप्रमाणे वागत असतं.

तान्हं बाळ पहिल्या दीड-दोन महिन्यांत सगळ्यांत जास्त रडतं. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, तरी रडतं. ते आईला छळण्यासाठी नसतं. अशा वेळी वैतागून बाळाला गदागदा हलवू नका. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनाही सांगा. बाळाची मान कच्ची असते, हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो, जीवही जातो. सहन होईना झालं तर बाळाला सपाट अंथरुणावर उताणं ठेवा, दाराबाहेर या, पाणी प्या, दहा श्वास घ्या, कुणाला तरी हाक मारा. पाच मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही.

चार-पाच वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, तो आळस नाही. तीन वर्षांच्या मुलाला "उद्या देते" म्हणजे काय ते कळत नाही. तेरा वर्षांची पोर उलट बोलते, आरशापुढे उभी राहते, ते बिघडणं नव्हे, वाढणं आहे. आणि जी आई बाळंतपणानंतर सारखी रडते, झोपत नाही, बाळाकडे बघवत नाही म्हणते, ती नाटकी नसते, आजारी असते. आशाताईंना सांगा. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. मनाच्या दुखण्यासाठी तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

काही मुलांच्या वाट्याला हे सगळं जास्त येतं. अपंग मूल, मतिमंद मूल, आईवडील नसलेलं मूल, सावत्र मूल, तीन मुलींच्या पाठीवर झालेली चौथी मुलगी. ती वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांची बाजू घेणारं कुणी नसतं म्हणून.

लैंगिक छळाचं कारण वेगळं आहे

इथे थोडं थांबा. आतापर्यंत राग, थकवा, अज्ञान याबद्दल बोललो. लैंगिक छळ रागाच्या भरात होत नाही. तो "चुकून" होत नाही, आणि दारूमुळेही होत नाही. तिथे माणूस ठरवून वागतो. आधी लेकराचा आणि घरच्यांचा विश्वास मिळवतो, खाऊ आणतो, मोबाइल देतो, एकटं गाठायची वेळ शोधतो. मग सांगतो, "ही आपली गंमत, कुणाला सांगायची नाही", नाहीतर धमकावतो, "आईला कळलं तर आई मरेल."

त्याला तीन गोष्टी लागतात. लेकरावर चालणारा वचक, एकटं गाठायची संधी, आणि बोलणार कोणी नाही याची खात्री. पहिल्या दोन तो स्वतः मिळवतो. तिसरी मात्र आपण त्याला देतो. मोठ्यांचं सगळं ऐकायचं, मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, काका मुका मागतोय तर द्यायचा, अंगाच्या त्या भागांचं नाव घ्यायचं नाही. हे सगळं आपणच शिकवतो. मग लेकराजवळ सांगायला ना शब्द उरतो ना धीर.

आणि ज्या लेकराला घरात बारीकसारीक गोष्टीवरून मार बसतो, ते तर आणखीच गप्प बसतं. पेन हरवलं म्हणून ज्यानं मार खाल्ला, ते एवढी मोठी गोष्ट सांगेल कसं? आपल्या रोजच्या माराचा आणि त्या छळाचा संबंध इथे येतो. पोराला वाटतं, माझंच चुकलं, मलाच मारतील.

पोरीचे कपडे, पोरीचं हसणं, पोरीचं एकटीनं जाणं, यातलं काहीही कारण नाही. कारण फक्त तो माणूस. आणि मुलग्यांनाही हे होतं. "पोरगा आहे, त्याला काय होतंय" म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

झाकली मूठ

हे सगळं चालू राहतं ते एका गोष्टीमुळे. अब्रू. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. लेक सांगते, मामानं असं केलं. आई ऐकते, आणि तिच्या डोळ्यांपुढे माहेर उभं राहतं. आई काय म्हणेल, भाऊ तोडेल, गाव काय म्हणेल, पोरीचं लग्न कसं होईल. मग ती लेकीला म्हणते, "गप्प बस, पुन्हा त्यांच्याकडे जाऊ नको." त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिलाही कधी कुणी असंच गप्प बसवलेलं असतं. पण त्या मुठीत सव्वा लाख नसतात, मैत्रिणींनो. त्या मुठीत आपलं लेकरू गुदमरत असतं.

मग घाईनं लग्न उरकतात. "एकदा उजवली की काळजी मिटली." २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे दर पाचांत एकीहून जास्त. ऊसतोडीला जाताना पोरीला एकटं ठेवायची भीती, हेही त्यामागचं एक मोठं कारण आहे. पण छळातून वाचवायला म्हणून लावलेलं लग्न हा दुसरा छळच ठरतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की अठरा वर्षांखालच्या बायकोशी संबंध ठेवणं हा बलात्कारच.

कारण म्हणजे माफी नव्हे

एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "एवढी कारणं सांगितली, म्हणजे मारणाऱ्याची बाजूच घेतली की तुम्ही." तसं नाही. ताप का आला ते डॉक्टर शोधतो तो तापाची बाजू घ्यायला नाही, तो उतरवायला. हप्ता थकला हे कारण खरं आहे. पण त्याच दिवशी, तसाच हप्ता थकलेल्या शेजारणीनं पोराला मारलं नाही, हेही खरं आहे. कारण आपल्याला हातापर्यंत आणतं. हात उचलायचा की नाही, ते शेवटी आपणच ठरवतो.

मग आपण काय करायचं?

आधी आपल्या घरापासून. राग चढायला लागला की अंग आधी सांगतं. कान तापतात, दात आवळले जातात. तेव्हा पोरापासून चार पावलं लांब जा. पाणी प्या. बोलायचं ते मग बोला. दूध सांडलं तर पोराच्या हातात फडकं द्या, "पूस" म्हणा. ती शिक्षा नाही, वळण आहे. दिवसातून एकदा तरी पोर बरं वागलं ते तोंडानं सांगा. आपण चुका तेवढ्या मोजतो. आणि हात उठलाच, तर नंतर पोराची माफी मागा. आईनं माफी मागितली म्हणून तिचा मान जात नाही.

लेकरांना तीन गोष्टी शिकवा. तुझं अंग तुझं आहे, नको वाटलं तर नको म्हण, मग माणूस घरचा असला तरी. लपवायला सांगितलेली "गंमत" आईला सांगायचीच. आणि तू काहीही सांगितलंस तरी मी तुला मारणार नाही. हे तिसरं वाक्य खरं ठरवायचं काम आपलं.

मग गटात. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा. "या महिन्यात कुणाला फार राग आला?" एवढा एकच प्रश्न. एक बोलली की दुसरी बोलते. एखादीचं घर फार ताणात असेल तर दोघींनी तिची पोरं तासभर सांभाळा. कधी कधी तेवढ्यानंही एक मार टळतो. तसंच गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, अंगणवाडी सेविका यांना विचारा, समितीची बैठक शेवटची कधी झाली? ज्या घरात आईबाप नाहीत किंवा एकटी बाई मुलं सांभाळते, त्यांना बालसंगोपन योजनेची मदत मिळू शकते. त्याची चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा.

शेजारी लक्ष ठेवा. एखादं मूल एकदम गप्प झालं, घरी जायला टाळतं, एका ठरावीक माणसाला बघून आकसतं, मोठं असून परत अंथरूण ओलं करायला लागलं, अंगावर वारंवार वळ दिसतात आणि दर वेळी "पडलो" म्हणतं, तर ते काहीतरी सांगतंय. यातलं एक चिन्ह दिसलं म्हणजे छळच, असं नव्हे. पण विचारायला हरकत नाही.

आणि लेकरानं सांगितलं तर? शांतपणे ऐका. "मी तुझं खरं मानते. तुझी काही चूक नाही. सांगितलंस ते बरं केलंस." एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, चार जणांपुढे परत परत सांगायला लावू नका, त्या माणसाच्या समोर उभं करू नका. गावकीत बसवून मिटवू नका, पैसे घेऊन तर मुळीच नाही.

मग १०९८ ला फोन करा. मुलांसाठीचा हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मूल स्वतःही करू शकतं. जिवाला धोका असेल तर ११२. बाईला स्वतःसाठी मदत हवी असेल तर १८१.

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलगा असो की मुलगी, कायदा तोच. छळ करणारा नात्यातला असेल तर गुन्हा जास्त गंभीर धरला जातो. माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही गोष्ट "घरातलं घरात ठेवा" म्हणणाऱ्यांना जरूर सांगा. लेकराला पोलीस ठाण्यात न्यायची गरज नाही. जबाब घरी किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो बाई अधिकारी घेते, तीही गणवेश न घालता. मुलीची तपासणी बाई डॉक्टरच करते, तेव्हा आई किंवा विश्वासाचं माणूस जवळ राहू शकतं. उपचारासाठी आधी पोलिसांचा कागद आणा, असं दवाखान्याला म्हणता येत नाही. लेकराचं नाव छापायला बंदी आहे. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळते. आणि घरात ठेवणं सुरक्षित नसेल, तर लेकरानं कुठे राहायचं ते जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते.

कायद्याचा रस्ता सोपा आहे असं आम्ही म्हणणार नाही. तारखा पडतात, नातेवाईक बोलतात, आई एकटी पडते. म्हणूनच गट हवा. ठाण्यात एकटी बाई गेली तर ती "तक्रार घेऊन आलेली बाई" असते. दहा जणी गेल्या तर साहेब खुर्ची देतात.

आता शेवटचं. ती उलथन्याची गोष्ट सांगणारी आमची मैत्रीण. या कार्यक्रमाच्या तयारीनंतर घरी गेली, पोराला जवळ घेतलं आणि म्हणाली, "त्या दिवशी माझं चुकलं रे." दोन वर्षं होऊन गेली होती. तिला वाटलं तो विसरला असेल. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी दूध मुद्दाम नव्हतं सांडलं."

दोन वर्षं तो तेवढं एक वाक्य सांगायची वाट बघत होता. आपल्या घरातलं लेकरू कुठलं वाक्य सांगायची वाट बघतंय, ते आज रात्री जेवताना विचारून बघा. आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. नाव सांगायची गरज नाही.

येतो आम्ही, मैत्रिणींनो. पुढच्या बुधवारी परत भेटू.